तीन वेळा मोडलेला फोर्क : सायकलपटू युजेन क्रिस्तोफची कारकीर्द

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. वाचताना अडखळू नये म्हणून काही वाक्ये जुळवून घेतली आहेत, पण बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे, तो माणूस टूर द फ्रान्स ही शर्यत अकरा वेळा धावला आणि एकदाही जिंकला नाही. ज्यांनी ती जिंकली त्यांच्यापैकी कितीतरी जणांची नावं आज फ्रान्समध्येसुद्धा कुणाला चटकन आठवायची नाहीत. पण पिरेनीज पर्वतातल्या सेंत-मारी-द-काम्पां नावाच्या एका लहानशा गावात या न जिंकलेल्या माणसाची पाटी आहे, पुतळा आहे. पुतळ्याच्या हातात करंडक नाही. सायकलचा फोर्क आहे.

फोर्क म्हणजे काय ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तासभर तो आपल्या सोबत असणार आहे. सायकलचं पुढचं चाक ज्या दोन नळ्यांच्या मधे बसतं, तो भाग. आपल्याकडे काही सायकल दुरुस्तीवाले त्याला चिमटाही म्हणतात. हँडल वळवलं की तोच वळतो आणि चाकाला वळवतो. तो मोडला तर सायकल ढकलतसुद्धा नेता येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. हे लक्षात ठेवा.

तर, युजेन क्रिस्तोफ. जन्म २२ जानेवारी १८८५, पॅरिसला लागून असलेल्या मालाकॉफ या वस्तीत. पोरवयात तो कुलपं-किल्ल्या करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली लागला. म्हणजे कानस, हातोडा, तापलेलं लोखंड यांची सवय हाताला लहानपणापासून होती. हीसुद्धा गोष्ट लक्षात ठेवा. १९०४ मध्ये तो व्यावसायिक सायकलपटू झाला आणि १९२६ पर्यंत राहिला. बावीस वर्षं! मधली चार-पाच वर्षं महायुद्धाने खाल्ली, तरीही बावीस वर्षांचा काळ. चाहते त्याला लाडाने 'क्री-क्री' म्हणत. युद्धाआधी त्याला भरघोस मिशा होत्या, त्यावरून 'म्हातारा गॉल' असंही एक नाव पडलं होतं. गॉल म्हणजे फ्रान्सच्या भूमीवरचे प्राचीन लोक. चित्रांत ते असे मिशाळ दाखवतात.

त्या काळची शर्यत

आता त्या काळची टूर कशी होती ते थोडं समजून घेऊ, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

टूर सुरू झाली १९०३ मध्ये. 'लोतो' नावाचं एक क्रीडा दैनिक होतं, त्याचा खप वाढावा म्हणून. दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज हेच शर्यतीचे सर्वेसर्वा. आज आपण टीव्हीवर टूर बघतो तेव्हा एका दिवसाचा टप्पा दीडशे-दोनशे किलोमीटरचा असतो. तेव्हा तीनशे, साडेतीनशे, क्वचित साडेचारशे किलोमीटरच्याही पुढे. पहाटे दोन-तीनला, अंधारात निघायचं. रस्ते बहुतेक मातीचे आणि खडीचे. गिअर बदलायची सोय नाही. चढ आला की उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचं चक्र असे. पंक्चर झालं तर स्वतःच काढायचं, म्हणून जादा टायर खांद्यावर आठच्या आकड्यासारखे गुंडाळलेले.

आणि एक नियम. या व्याख्यानाचा गाभा त्या नियमात आहे. सायकलचं काहीही बिघडलं तर स्पर्धकाने ते स्वतःच दुरुस्त करायचं. कुणाची मदत घ्यायची नाही, सायकल बदलायची नाही.

हा नियम आज ऐकला की क्रूर वाटतो. पण त्यामागे विचार होता, तो नीट समजून घेतला पाहिजे. टूरमध्ये दोन प्रकारचे लोक धावत. एक, मोठ्या सायकल कारखान्यांनी पगारावर ठेवलेले. दुसरे, स्वतःच्या खर्चाने आलेले एकांडे. यांची मुक्कामाची सोय, जेवणखाण, सगळं ज्याचं त्याने बघायचं. आता समजा मदतीला परवानगी दिली, तर कारखान्याची माणसं आपल्या खेळाडूसाठी कोपऱ्याकोपऱ्यावर नवी सायकल घेऊन उभी राहतील. एकांड्याने काय करायचं? देग्रांजना शर्यत माणसाची हवी होती, कारखान्याच्या तिजोरीची नको होती. नियम दुबळ्याच्या बाजूने केलेला होता. तो पुढे कुणाच्या मानेवर बसला, ते आता बघू.

बर्फातली शर्यत

पण त्याआधी १९१०. इटलीत मिलान ते सान रेमो ही एका दिवसाची शर्यत असते, सुमारे २९० किलोमीटरची. ३ एप्रिल १९१० ला ती होती. साठेक जण निघाले. हवा खराब होती, आणि वाटेत तुर्किनो नावाचा घाट लागतो तिथे बर्फ पडत होतं. रस्त्यावर इतकं साचलं की सायकल हातात धरून चालावं लागलं.

क्रिस्तोफ घाट ओलांडून पलीकडे आला आणि पोटात गोळे येऊन रस्त्याच्या कडेला थांबला. बोटं बधिर, पाय उचलेनात. इटालियन भाषा येत नव्हती; एक शब्द यायचा, 'सिन्योर', म्हणजे महाशय. तेवढ्यात एक माणूस आला. क्रिस्तोफ त्याच्याकडे बघून 'सिन्योर, सिन्योर' एवढंच म्हणत राहिला. त्या भल्या माणसाने त्याला जवळच्या खानावळीत नेलं, ओले कपडे उतरवले, घोंगडीत गुंडाळलं, रम पाजली. रक्त फिरायला लागलं. आणखी काही स्पर्धक गारठून तिथेच आले, आणि त्यांनी पुन्हा बाहेर पडायचं नाव काढलं नाही.

क्रिस्तोफ खिडकीपाशी होता. बाहेरून चिखलाने माखलेले चार स्पर्धक पुढे जाताना त्याला दिसले. खानावळवाला नको म्हणत असताना तो उठला, एक लांब विजार मिळवली, आणि पुन्हा सायकलवर बसला. पुढे गेलेल्यांना एकेक करून गाठलं. सान रेमोला पोचला तेव्हा त्याला आपण पहिले आलो हेही नक्की माहीत नव्हतं. वेळ लागला १२ तास २४ मिनिटं. दुसरा आला तासाभराने. शर्यत पुरी करणाऱ्यांत जेमतेम चार जणांची नोंद झाली.

हा विजय फुकट मिळाला नाही. त्यानंतर महिनाभर तो रुग्णालयात होता आणि तब्येत पूर्ववत व्हायला दोन वर्षं गेली.

१९१२ : गुणांची शर्यत

दोन वर्षांनी, १९१२ च्या टूरमध्ये, तो पुन्हा बहरात आला. लागोपाठ तीन टप्पे जिंकले. त्यातला तिसरा शामोनी ते ग्रनोब्ल, आल्प्समधून गालिबिए घाट ओलांडून. त्या दिवशी तो तीनशे पंधरा किलोमीटर एकटा पुढे होता. एकटा, मागेपुढे वारा अडवायला कुणी नाही. टूरच्या इतिहासात इतक्या लांब अंतराची यशस्वी एकल आघाडी दुसरी झालेली नाही.

तरी तो दुसरा आला. कसा काय? तर १९०५ पासून टूरचा निकाल वेळेवर लावत नसत, क्रमांकावर लावत. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असं. ज्याचे गुण कमी तो विजेता. म्हणजे तुम्ही अर्ध्या तासाने जिंका किंवा चाकभर अंतराने जिंका, फायदा सारखाच. या हिशेबात बेल्जियमचा ओदिल देफ्रे जिंकला. त्याला इतर संघांतले त्याचे देशबांधवही मदत करत होते, अशी तक्रार तेव्हाच झाली. निकाल वेळेवर असता तर अगदी शेवटच्या दिवसापर्यंत क्रिस्तोफ पुढे होता, असं हिशेब मांडणारे सांगतात.

पुढच्या वर्षी देग्रांजनी गुणपद्धत रद्द केली आणि वेळेची पद्धत परत आणली. म्हणजे आता नियमही क्रिस्तोफच्या सोयीचा झाला. वय अठ्ठावीस, संघ प्यूजोचा, फ्रान्सच्या बलाढ्य संघांपैकी एक. १९१३ हे त्याचं वर्ष असणार, असं त्याच्या चाहत्यांना वाटत होतं.

सेंत-मारीची भट्टी

९ जुलै १९१३. सहावा टप्पा, बायोन ते ल्यूशों, ३२६ किलोमीटर, पिरेनीजमधले मोठे घाट ओळीने. पहाटे तीनला सुरुवात. आदल्या दिवसापर्यंत देफ्रे आघाडीवर होता, पण डोंगर सुरू झाल्यावर तो मागे पडत गेला आणि शेवटी शर्यत सोडून गेला. तूरमाले हा २,११५ मीटर उंचीचा घाट. त्याच्या माथ्यावर पहिला पोचला फिलिप थिस, बेल्जियमचा. पाचेक मिनिटांनी क्रिस्तोफ. पण सगळ्या दिवसांची वेळ धरली तर त्या क्षणी पुढे होता क्रिस्तोफ.

आणि उतारावर फोर्क मोडला.

कसा मोडला? काही ठिकाणी तुम्ही वाचाल की मोटारीने धडक दिली. क्रिस्तोफने स्वतः पुढे जी हकिगत सांगितली तिच्यात मोटार नाही. तो सांगतो की अचानक हँडल हाताला वेगळं लागलं, सायकल वळेना, ब्रेक दाबून थांबलो तर फोर्क तुटलेला. आणि त्याच हकिगतीत तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार महत्त्वाची वाटते. तो म्हणतो की आता सांगतोय, पण तेव्हा मी हे सांगितलं नसतं, कारण ते माझ्या कंपनीसाठी वाईट दिसलं असतं. बघा, सायकल मोडली, शर्यत हातची चालली, आणि या माणसाने काळजी करायची ती मालकाच्या नावाची! पगारी खेळाडूचं जगणं म्हणजे काय, ते या एका वाक्यात आहे.

धातू कसा तुटतो, हे दोन मिनिटांत सांगतो. एखादी तार घ्या आणि पुढे-मागे वाकवा. पहिल्या पाच वेळा काही होत नाही. विसाव्या वेळी कट् करून तुटते. विसाव्या वेळी तुम्ही जास्त जोर लावलेला नसतो. आधीच्या एकोणीस वेळांचा हिशेब तिथे पुरा होतो. फोर्कचं असंच. रस्त्याचा प्रत्येक खड्डा पुढच्या चाकातून वर येतो आणि दोन नळ्या जिथे एकत्र जोडलेल्या असतात, त्या माथ्याच्या सांध्यावर ताण देतो. जोरात ब्रेक दाबला की ताण आणखी. सांध्यात कुठे बारीकशी चीर पडली की ती रोज केसाएवढी वाढते. वरून रंग लावलेला, दिसत काही नाही. मग एक दिवस, साध्या खड्ड्यावर, सगळं सुटतं. घाटाच्या उतारावर सुटलं आणि माणूस दरीत गेला नाही, हे क्रिस्तोफचं नशीबच म्हणायचं.

आता काय करणार? खाली सेंत-मारी-द-काम्पां गाव आहे, दहा किलोमीटरच्या आसपास. एका खांद्यावर सायकल, हातात सुटलेलं चाक, असा तो चालत निघाला. जिथे पायवाट दिसली तिथे आडवाटेने उतरला. मागे टाकलेले स्पर्धक एकामागून एक शेजारून निघून जात होते. संतापाने रडू येत होतं, असं त्याने स्वतः सांगितलंय.

गावाच्या तोंडाशी एक लहान मुलगी भेटली. तिला विचारलं, लोहार कुठे राहतो? तिने त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, लकोंत नावाच्या लोहाराच्या भट्टीवर. लोहार म्हणाला, आण, मी करून देतो. पण शर्यतीचे अधिकारी मागोमाग आलेच होते, प्रतिस्पर्धी कारखान्यांची माणसंही बघायला उभी होती. नियम म्हणजे नियम. लोहाराने तोंडाने सांगायचं, हात क्रिस्तोफने लावायचा.

आणि इथे ते पोरवयातलं शिक्षण कामी आलं. नळी कापणं, तापवणं, ऐरणीवर धरून ठोकणं, सांधा जुळवणं. ज्याने कधी भट्टीत लोखंड घातलेलं नाही त्याने तिथेच हात टेकले असते. या माणसाने काही तास राबून फोर्क पुन्हा उभा केला. अधिकारी तिथेच पहारा देत. त्यांतल्या एकाला भूक लागली, तो खायला काही आणायला निघाला, तर क्रिस्तोफ भडकून म्हणाला की मी इथे तुमचा कैदी आहे ना, मग तुम्हीही जागेवरून हलायचं नाही. भूक असेल तर कोळसा खा.

एक अडचण मात्र होती. तापलेला तुकडा सांडशीत धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडा मारायचा, तर भाता कोण ओढणार? माणसाला हात दोनच. भट्टीपाशी सात वर्षांचा एक पोरगा उभा होता, त्याने भाता ओढला. काम झालं. अधिकाऱ्यांनी नोंद केली : स्पर्धकाने बाहेरची मदत घेतली. दंड, दहा मिनिटं. पुढे तो तीन मिनिटांवर आणला.

तासन्‌तास गेल्यावर दहा काय नि तीन काय, निकालात काडीचा फरक पडत नव्हता. तरीही आज शंभर वर्षांनंतर लोक चार तासांबद्दल बोलत नाहीत, त्या भात्याच्या दंडाबद्दल बोलतात. मघाशी मी म्हटलं की नियम दुबळ्यासाठी केला होता. सात वर्षांच्या पोराने ओढलेला भाता म्हणजे कारखान्याची तिजोरी नव्हे, हे त्या अधिकाऱ्यांनाही दिसत असणार. पण नियमात भात्याला अपवाद लिहिलेला नव्हता, आणि अपवाद करायचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नाही.

क्रिस्तोफने काय केलं? खिशात खायला काहीतरी कोंबलं आणि निघाला. अजून दोन घाट बाकी होते, आस्पँ आणि पेरसूर्द. स्वतःच्या हाताने जोडलेल्या फोर्कवर ते दोन्ही उतार उतरला. ल्यूशोंला पोचला तेव्हा थिसला येऊन जवळजवळ चार तास झाले होते. टूर थिसने जिंकली, दुसऱ्या क्रमांकाच्या गारिगूपेक्षा फक्त ८ मिनिटं ३७ सेकंदांनी. क्रिस्तोफ पॅरिसपर्यंत गेला आणि सातवा आला. शर्यत त्याने सोडली नाही.

पिवळी जर्सी आणि दुसरा घाव

१९१४ च्या टूरनंतर लगेच महायुद्ध. टूर जिंकलेले तिघे त्यात गेले : फ्रांस्वा फाबर १९१५ मध्ये, ओक्ताव लापीझ आणि ल्युसियँ पती-ब्रतों १९१७ मध्ये. युद्ध संपलं आणि २८ जून १९१९ ला व्हर्सायचा तह झाला. दुसऱ्याच दिवशी, २९ जूनला, टूर निघाली! उत्तर फ्रान्सचे रस्ते तोफगोळ्यांनी फुटलेले, रबराची टंचाई, कापडाची टंचाई. सायकल कारखान्यांनी मिळून एक सामाईक संघटना केली आणि तिच्या बहुतेक सगळ्या खेळाडूंना राखाडी रंगाच्या जर्सी दिल्या. पासष्टहून अधिक जण निघाले, निकालात उरले दहा. ताशी सरासरी वेग २४ किलोमीटरच्या आसपास; टूरच्या इतिहासात याहून संथ शर्यत झालेली नाही.

आंरी पेलिसिए आणि त्याचा भाऊ फ्रांसिस यांनी आयोजकांशी वाजल्यावर शर्यत सोडली आणि चौथ्या टप्प्यानंतर क्रिस्तोफ आघाडीवर आला. वय चौतीस. आता पंचाईत अशी की सगळेच राखाडी, त्यात धुळीने भरलेले. रस्त्याच्या कडेच्या माणसाला कळणार कसं की पुढे असलेला कोण? म्हणून देग्रांजनी ठरवलं की आघाडीवीराला वेगळा रंग द्यायचा. 'लोतो' दैनिक पिवळ्या कागदावर छापत, म्हणून पिवळा. १९ जुलै १९१९ ला, ग्रनोब्लहून निघताना, क्रिस्तोफच्या अंगावर ती चढली. टूरमधली नोंदलेली पहिली पिवळी जर्सी. (थिसने म्हातारपणी सांगितलं होतं की १९१३ मध्येच आपण ती घातली होती, पण मान्यता आहे ती १९१९ ला.)

आज त्या जर्सीसाठी खेळाडू आयुष्य पणाला लावतात. क्रिस्तोफला ती आवडली नाही! लोक रस्त्याच्या कडेने 'कॅनरी, कॅनरी' ओरडून चिडवत होते. कॅनरी हा पिंजऱ्यात पाळायचा पिवळा पक्षी. चिडवणं सोसत, जर्सी घालून, तो पॅरिसच्या दिशेने निघाला.

शेवटून दुसरा टप्पा, मेत्स ते डंकर्क, ४६८ किलोमीटर. क्रिस्तोफ दुसऱ्या क्रमांकावरच्या फिरमिन लाम्बोच्या २८ मिनिटं पुढे. हा दिवस निभावला की पॅरिस. रस्ता उत्तरेचा, दगडी फरशांचा, आणि त्यावरून चार वर्षं सैन्यं गेलेली. वालांसिएनजवळ फोर्क मोडला.

पुन्हा तेच. पुन्हा चालत, पुन्हा कुठे भट्टी, कुठे हत्यारं याचा शोध, पुन्हा स्वतःच्या हाताने सांधणं. या वेळी जागा जवळ मिळाली, दुरुस्तीला तासाभराच्या वर वेळ गेला. पण मोडलेल्या माणसाचा वेग परत येत नाही, तो दिवस अडीच तासांच्या तोट्यात गेला. शेवटच्या टप्प्यावर पंक्चरची रांग लागली आणि दुसरा क्रमांकही गेला. अंतिम निकाल : लाम्बो पहिला, झाँ आलाव्वान दुसरा, क्रिस्तोफ तिसरा.

यानंतर जे झालं ते १९१३ मध्ये झालं नव्हतं. लोकांनी दैनिकाकडे पैसे पाठवायला सुरुवात केली. युद्धातून नुकते बाहेर आलेले लोक, पाव महाग, कोळसा महाग. कुणी तीन फ्रँक, कुणी पाच. श्रीमंतांनीही दिले. देणाऱ्यांची नावं छापायला कितीतरी याद्या लागल्या आणि रक्कम झाली १३,३१० फ्रँक. पहिल्या क्रमांकाच्या बक्षिसाहून खूप जास्त.

म्हणजे एका शर्यतीचे दोन निकाल लागले. एक नियमपुस्तकाचा, त्यात लाम्बो जिंकला. तो खरा निकाल आहे, त्यात लाम्बोवर काही अन्याय आपण करू नये. तोही तेच रस्ते तुडवत आला होता. दुसरा निकाल त्या तीन-तीन फ्रँकांचा. त्या लोकांनी निकाल बदला असं म्हटलं नाही. आमचाही एक हिशेब आहे, एवढंच म्हटलं.

उत्तरार्ध

इथे गोष्ट संपवली असती तर छान झाली असती, पण माणूस थांबला नाही. १९२० मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याने पॅरिस–टूर ही शर्यत जिंकली (इथे टूर हे गावाचं नाव आहे). त्याच वर्षी बोर्दो–पॅरिस जिंकली, आणि १९२१ मध्ये तीच पुन्हा. चिखलातून, ओढ्या-नाल्यांतून सायकल खांद्यावर घेऊन पळायची सायक्लोक्रॉस ही शर्यत असते. तिचं राष्ट्रीय विजेतेपद त्याने १९०९ पासून १९१४ पर्यंत सलग सहा वेळा मिळवलं होतं, ते १९२१ मध्ये पुन्हा मिळवलं. म्हणून मला 'दुर्दैवी क्रिस्तोफ' हे विशेषण अपुरं वाटतं. जिंकणं त्याला चांगलं जमत होतं.

१९२२ ची टूर. वय सदतीस. पुन्हा तीन दिवस आघाडी, पुन्हा पिवळी जर्सी. पिरेनीजमध्ये आघाडी गेली, तरी वरच्या क्रमांकांत होता. मग आल्प्समध्ये गालिबिए उतरताना, त्याच गालिबिएच्या वाटेवर जिथे दहा वर्षांपूर्वी तो एकटा पुढे होता, फोर्क तिसऱ्यांदा मोडला. त्या वर्षी तो आठवा आला. जिंकला पुन्हा लाम्बो, तोही छत्तीस वर्षांचा.

शेवटची टूर १९२५, चाळिसाव्या वर्षी, अठरावा आला. पुढच्या वर्षी निवृत्त झाला. १ फेब्रुवारी १९७० ला पॅरिसमध्ये वारला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन. पॅडलवर पाय घट्ट राहावा म्हणून धातूची टो-क्लिप आणि चामड्याचा पट्टा लावत, त्यावर कितीतरी वर्षं 'क्रिस्तोफ' हे नाव छापलेलं असे. जगभरच्या रेसिंग सायकलींवर ते गेलं. बहुतेकांना तो माणूस कोण हे माहीतही नव्हतं.

मी एवढंच सांगून थांबतो. खेळाच्या इतिहासात आपण विजेत्यांच्या याद्या पाठ करतो. त्या याद्या खऱ्याच असतात. पण कारकीर्द म्हटली की त्यात तूरमालेवरून खाली चालत आलेले ते दहा किलोमीटरही धरावे लागतात, आणि त्यानंतर पुन्हा सायकलवर बसून चढलेले दोन घाटही. 

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : त्याने शर्यत सोडून का दिली नाही? जिंकण्याची शक्यता संपलीच होती.*

दोन कारणं असावीत. एक व्यवहाराचं : प्रत्येक टप्प्याला, अंतिम क्रमांकाला पैसे होते आणि पूर्ण केलेल्या टूरची किंमत पुढच्या करारात मिळे. हे लोक खेळून पोट भरत होते. दुसरं स्वभावाचं. सान रेमोच्या खिडकीतून बाहेर बघणारा माणूस आठवा. तो त्याचा पिंडच होता. पण हेही सांगतो की काही टूर त्याने सोडल्याही, १९२० ची पाठदुखीमुळे. सगळं सोसत राहणं म्हणजेच थोरपण, असं मला म्हणायचं नाही.

*प्रश्न : त्या नियमाचं पुढे काय झालं?*

तो एकदम गेला नाही, हळूहळू सैल होत गेला. आधी बिघडलेला भाग बदलायची मुभा मिळाली, मग मदतीची वाहनं आली. चालता-चालता गिअर बदलायचं यंत्र टूरमध्ये सगळ्यांना मिळायला १९३७ उजाडलं. आज पंक्चर झालं की काही सेकंदांत मोटारीतून माणूस उतरतो आणि नवी सायकल हातात देतो.

*प्रश्न : नियम फक्त क्रिस्तोफलाच एवढा कडक लावला का?*

नाही. १९१४ मध्ये थिस आघाडीवर असताना त्याने नियमाबाहेर जाऊन चाक बदललं, तर त्याला अर्ध्या तासाचा दंड झाला. तरीही तो जिंकला, पेलिसिएपेक्षा अवघ्या १ मिनिट ५० सेकंदांनी. म्हणजे नियम सर्वांना सारखा होता. वेगळा होता तो फोर्क मोडण्याचा मुहूर्त, आणि त्याला कुठला नियम लागू नव्हता.